काजळीवरच्या लाटा

खालापूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला, आमच्या खात्याची एक दगडी खोली होती. खिडकी एकच, तीही कायम बंद. आत जमीन खणून खडकापर्यंत नेलेला चौथरा आणि त्यावर भूकंप नोंदवणारं यंत्र. दक्षिणेकडे धरणापाशी मोठा भूकंप झाला, तेव्हा सरकारला जाग आली आणि घाटाखाली अशा दोन-चार खोल्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका खोलीत माझ्या आयुष्याची बारा-तेरा वर्षं गेली. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. काम एवढंच, की रोज सकाळी यंत्राच्या ढोलावरचा कागद बदलायचा.

तो कागद आधी काळा करावा लागे. गुळगुळीत कागद ढोलाला गुंडाळायचा, खाली रॉकेलचा दिवा धरायचा आणि ढोल फिरवत त्यावर सारखी काजळी धरवायची. मग यंत्राची सुई चोवीस तास त्या काजळीवर पांढरी रेघ ओढत राही. दुसऱ्या दिवशी कागद उतरवून लाखेच्या पातळ रोगणात बुडवायचा, म्हणजे काजळी पक्की होते, आणि दोरीवर वाळत घालायचा. माझी नखं, नाकपुड्या, सदऱ्याच्या बाह्या कायम काळ्या असत. बायको म्हणायची, सरकारी नोकरी म्हणून दिली मला, आणि माणूस घरी येतो तो भट्टीवरनं आल्यासारखा.

पण ती सरकारी नोकरी होती. आम्ही मूळचे कडावचे. छप्पन्न साली वडिलांनी धम्म घेतला तेव्हा मी शाळेत होतो. घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातानं टोपलीत भरून नदीवर नेले आणि परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, की आता शिकायचं. मी मॅट्रिक झालो, टायपिंग शिकलो, आणि आमच्या आळीतला पहिला सरकारी नोकर झालो. खोपोलीत एक खोली घेऊन बायकोसह राहू लागलो. महिन्याच्या महिन्याला मुंबईहून साहेब तपासणीला येत. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, परदेशी शिकून आलेले, बोलायला गोड. पिण्याचं पाणी मात्र ते स्वतःचं आणत. थर्मासमध्ये. मी कधी त्यांना पाणी विचारलं नाही आणि त्यांनी कधी मागितलं नाही.

माझ्यासोबत एक रखवालदार होता, जवळच्या ठाकरवाडीतला. त्याचं काम गुरं लांब ठेवणं. म्हैस कुंपणाला अंग घासू लागली तरी आत सुई उड्या मारायची.

पहिल्याच पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं, की रेघ जाड झाली आहे. भूकंप नव्हता. भूकंपाची रेघ एकदम उसळते आणि हळूहळू शांत होते. ही तशी नव्हती. भिंग धरलं तर बारीक, एकसारखी थरथर दिसे, दिवसच्या दिवस. माझ्या हातून काही बिघडलं म्हणून मी घाबरलो. साहेब आले तेव्हा कागद पुढे ठेवला. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"तो समुद्र आहे," ते म्हणाले. "अरबी समुद्रात वादळ असलं, की लाटा पाणी दाबतात, पाणी तळ दाबतं आणि ते इथपर्यंत जमिनीतनं येतं. गोंगाट समजा. आपलं काम भूकंपाचं."

मी समुद्र तोवर पाहिला होता तो सहा डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर, माणसांच्या खांद्यांवरून. तो समुद्र डोंगर ओलांडून माझ्या खोलीत आला आहे, हे मला खरंच वाटेना. पण त्या दिवसापासून मी त्या गोंगाटाकडेच पाहू लागलो.

कागदावर दर मिनिटाची खूण असे. दोन खुणांमधल्या थरथरी मी भिंगातून मोजू लागलो. वादळ कोवळं असताना मिनिटाला पंधरा-सोळा भरत, बारीक आणि दाट. वादळ वाढलं की रेघ रुंद होई आणि थरथर सावकाश होई. बारा, मग दहा. साहेबांनीच एकदा सहज सांगितलं होतं, की जमीन लाटेच्या दुप्पट वेगानं हलते. म्हणजे जमीन सहा सेकंदांना हलत असेल, तर समुद्रावर लाट बारा सेकंदांची. जितकी लाट लांब, तितकी ती दूर जाणार. रेघ सर्वांत रुंद झाली की वादळ भरात. मग रुंदी उतरायची, पण थरथर सावकाशच राहायची. हे मला फार विलक्षण वाटलं. रेडिओवर वादळ संपल्याचं सांगून झालेलं असे, वारा पडलेला असे, आणि इथे काजळीवर त्याच्या लाटा आणखी दोन-तीन दिवस जिवंत.

मी एक रजिस्टर घातलं. प्रत्येक वादळाला एक पान. कधी जन्मलं, किती दिवसांत वाढलं, भर किती तास टिकला, उतार कसा होता. कोणी सांगितलं नव्हतं. रखवालदार विचारायचा, हे कोनासाठी लिवता? मी म्हणायचो, माझ्यासाठी. तो हसायचा. कोणी स्वतःसाठी लिहितं ही गोष्ट त्याला पटत नसे.

रजिस्टरची दुसरी बाजू दाजींमुळे भरली. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. आधी ते धक्क्यावर हमाली करत, मग मालाच्या मचव्यावर खलाशी झाले. त्या शिडाच्या होडीतून कौलं मुंबईला जात. एकदा बहिणीला कडावला सोडून ते मला भेटायला खोलीवर आले. दोरीवरचे कागद बघत हिंडले. एका रुंद रेघेपाशी थांबून म्हणाले, "हा कवाचा?"

मी वार सांगितला. शनिवारचा होता.

"सोमवारी आमी खाडीच्या तोंडाशी अडकलो होतो," ते म्हणाले. "वारा नाय, पाऊस नाय, आन् लाट अशी लांब का मचवा पुढं जाईना. म्हातारी लाट. लांबनं चालत येते ती."

वारा नसताना येणाऱ्या लाटेला त्यांनी स्वतः ठेवलेलं हे नाव. मी त्यांना बसवून घेतलं आणि आठवेल तेवढं सगळं विचारलं. त्यानंतर ते मला पोस्टकार्डं पाठवू लागले. चौथी शिकलेले, पेन्सिलीनं लिहीत. 'बुधवारी म्हातारी लाट. शिडं उतरून बसलो. गुरवारी बरी. घरी सर्व खुशाल.' मी प्रत्येक कार्डाचा वार माझ्या पानावरच्या भराशी जुळवून पाही. पाच-सहा वर्षांत माझी खात्री झाली, की काजळीवर मिनिटाला दहाच्या खाली थरथर गेली, तर दीड-दोन दिवसांनी खाडीच्या तोंडाशी लांब लाट येते. आकाश कितीही निरभ्र असो.

हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी रजिस्टर चाळलं आणि छान अक्षर आहे असं म्हणाले.

एका पावसाळ्याच्या अखेरीस रेघ फार रुंद झाली म्हणून मी दाजींना कार्ड टाकलं, की दोन दिवस बाहेर पडू नका. त्यांनी ते धक्क्यावर वाचून दाखवलं. पाच-सहा मचवे बांधलेले राहिले. लाट आली, पण माझ्या अंदाजापेक्षा लहान. मचव्यांच्या मालकानं खात्याकडे तक्रार केली, की तुमचा माणूस अफवा पसरवतो. साहेबांनी मला मुंबईला बोलावलं, उभं ठेवलं आणि एका कागदावर सही घेतली. यंत्रावरून काढलेला कोणताही निष्कर्ष बाहेरच्या कोणालाही कळवणार नाही, कळवल्यास नोकरीवरून काढलं जाईल. वर ते म्हणाले, "तुम्हा लोकांना संधी मिळते ती टिकवायची असते."

मी सही केली. बाहेर येऊन व्ही.टी.च्या नळावर पाणी प्यायलो आणि सकाळच्या कागदाला हजर राहायचं म्हणून लगेच परतलो. दाजींना त्यातलं थोडं सांगितलं. ते म्हणाले, नोकरी सांभाळा, लाटा आमी बघतो. कार्डं मात्र ते पाठवत राहिले. बाहेरून आत कळवायला मनाई नव्हती.

पुढच्या वर्षीची गोष्ट. भातकापणी सुरू झालेली, उकाडा मरणाचा. एका बुधवारी कागदावर नवी थरथर दिसली, मिनिटाला पंधरा. गुरुवारी बारा. शुक्रवारी सकाळी कागद उतरवला आणि मी तो रोगणात बुडवायचं विसरून तसाच धरून उभा राहिलो. रेघा एकमेकींत घुसल्या होत्या. काळं जवळजवळ उरलंच नव्हतं. एका ठिकाणी वेगळ्या पडल्या होत्या, तिथे मोजलं. आठ. पुन्हा मोजलं. आठ, एका मिनिटात तर सात. इतक्या वर्षांत हा आकडा मी कधी लिहिला नव्हता.

रेडिओवर सांगितलं, की वादळ पश्चिमेकडे, दूर अरबस्तानाच्या बाजूला वळलं आहे, त्याचा जोर कमी होतो आहे, आपल्या किनाऱ्याला वाऱ्याचा धोका नाही. वाऱ्याबद्दल ते खरंच होतं.

मी सायकल काढून खोपोलीच्या पोस्टात गेलो. तारेचे दोन फॉर्म घेतले. पहिला साहेबांना, इंग्रजीत. असाधारण लांब लाटा, रविवारी सकाळी किनाऱ्याला पोचतील, बंदरांना कळवावे. दुसऱ्यावर दाजींचा पत्ता घातला आणि लिहिलं, मचवा काढू नका. पोस्टमास्तर ओळखीचे. त्यांनी पहिला फॉर्म वाचला, शब्द मोजले आणि हात पुढे करून दुसरा मागितला.

मी म्हणालो, तो राहू द्या.

का म्हणालो, हे मी पुढे पुष्कळदा स्वतःला समजावलं. साहेबांना तार गेली, ते बंदरांना कळवतील, बंदरातून खाडीवर निरोप जाईल, मग दुसऱ्या तारेची गरज काय. मागच्या वर्षी लाट लहान निघाली होती. तार पोस्टातून कोणाच्या तरी कानावर जाणार, पुन्हा तक्रार होणार. बायकोला तिसरा महिना होता. यातलं प्रत्येक कारण खरं आहे. सगळ्यांच्या तळाशी त्या कागदावरची माझी सही होती आणि तिची मला भीती वाटत होती. फॉर्म मी घडी करून खिशात घातला आणि रुळाच्या कडेला आल्यावर फाडून टाकला.

शनिवारी रेघ थोडी उतरली. रविवारी सकाळी आणखी. रविवारचा कागद मी व्यवस्थित पक्का करून वाळत घातला आणि रजिस्टरात 'उतार' असं लिहिलं. तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. दाजी त्याआधीच गेले होते.

निरोप दुपारी आला. बहिणीच्या गावचा एक माणूस एस.टी.नं आधी कडावला गेला आणि तिथून माझा भाऊबंद खोलीवर आला. मी रखवालदाराला यंत्र बघायला सांगून निघालो, ते पहिल्यांदाच. वाचलेल्या दोघांपैकी एक खलाशी दाजींच्या ओट्यावर बसून येईल त्याला तेच सांगत होता. वारा नव्हता. शीड पडून होतं, वल्ह्यांवर चालले होते. खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ, तिथे लाट उभी राहिली. पहिलीवर मचवा चढला. दुसरीनं आडवा केला. कौलांचा भार एका अंगाला गेला. आभाळात एक ढग नव्हता, हे तो पुनःपुन्हा सांगत होता, जणू त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

तिघं गेले. दाजी तिसऱ्या दिवशी मिळाले.

मी बहिणीसमोर बसलो तेव्हा ती रडत नव्हती. तिनं मला काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. दाजींच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळी जमली तेव्हा लोक मला पुढे बसवत होते, सरकारी माणूस म्हणून.

कामावर आलो तर खात्याचं पत्र आलेलं. माझी तार शुक्रवारी संध्याकाळी पोचली होती. साहेब रजेवर होते. सोमवारी त्यांनी ती वाचली आणि विचारलं होतं, की हाताखालच्या कर्मचाऱ्यानं स्वतः निष्कर्ष काढून तार का केली, याचं स्पष्टीकरण तीन दिवसांत द्यावं. मचव्याचा त्यात उल्लेख नव्हता. त्यांना तो माहीतही नसावा.

मी स्पष्टीकरण लिहिलं. घरात सुतक असल्याप्रमाणे चाललं होतं, बायको स्वैपाकाला हात लावत नव्हती, आणि मी टेबलाशी बसून टाईप केलं, की माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही. माफीचे शब्द मला कोणी सांगावे लागले नाहीत. ते हातात तयार होते. दाजींच्या मरणाबद्दल मला राग कोणाचा येतो असं कोणी विचारलं, तर मी साहेबांचं नाव घेईन. पण ते पत्र आठवलं, की मला साहेबांपेक्षा माझी किळस येते.

साहेब पुढच्या तपासणीला आले ते वेगळ्याच सुरात. रजिस्टर मागितलं. शुक्रवारचा कागद मागितला आणि दाराशी उजेडात नेऊन बराच वेळ बघितला. म्हणाले, यात काहीतरी आहे. सगळी रजिस्टरं, निवडक कागद आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा त्यांनी जीपमध्ये ठेवला. मी पोस्टकार्डं नको म्हणालो. ते म्हणाले, काम झालं की परत पाठवतो.

दोन-अडीच वर्षांनी खात्यातल्या एका कारकुनानं मला साहेबांच्या छापलेल्या लेखाची प्रत आणून दिली. इंग्रजीत होता. समुद्रावरच्या मोठ्या लाटांच्या वादळांचा जन्म, वाढ, भर आणि उतार, असा विषय. माझी चार अवस्थांची विभागणी जशीच्या तशी. आकृतीत ते ऑक्टोबरचं वादळ होतं, टेकडीसारखी सुबक रेषा काढलेली. खाली किनाऱ्यावर लाट पोचल्याचे दिवस बाणांनी दाखवले होते. ते बाण म्हणजे दाजींची कार्डं. शेवटी लिहिलं होतं, की या पद्धतीनं किनाऱ्याला दोन दिवस आधी इशारा देणं शक्य असावं. आणि केंद्रावरील कर्मचाऱ्यांच्या सहकार्याबद्दल एका ओळीत आभार.

मी तो लेख शब्दकोश घेऊन तीनदा वाचला. चूक एकही नव्हती. साहेब हुशार होते, हे मला कबूल करावंच लागेल. माझ्या मोजण्याला त्यांनी गणित दिलं होतं, ते मला जमलं नसतं. पण ती मोजणी गोंगाट नाही हे कळायला त्यांना तीन माणसं लागली, आणि ती माणसं त्या लेखात कुठेच नव्हती.

बहीण तोवर माहेरी कडावला आली होती. दुसऱ्यांच्या शेतात जायची. एका दुपारी मी गेलो असताना ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं.

"दादा, तू सायबाला तार केली होतीस म्हनतात."

"केली होती."

"म्हंजी तुला ठावं होतं."

"होतं."

ती निवडत राहिली. सूप एकदा पाखडलं. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तुला ठावं नसंल. तसंच मनाला सांगितलं होतं मी."

मी मनाईचं सांगितलं. सहीचं सांगितलं. दुसऱ्या फॉर्मचंही सांगितलं, जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "त्यांची पत्रं तरी दे माजी. त्यांच्या हातचं काय नाय माज्याजवळ."

मी खात्याला दोनदा लिहिलं, एकदा स्वतः मुंबईला गेलो. साहेब बढती होऊन दिल्लीला गेले होते. कपाटं शोधली असं सांगितलं गेलं. कार्डं मिळाली नाहीत.

ऐंशीनंतर कधीतरी खात्यानं आमची खोली बंद केली. घाटाखाली कारखाने वाढले, मालगाड्या आणि ट्रकांनी सुई सतत हलायला लागली, नोंद उपयोगाची राहिली नाही. यंत्र टेंपोत घालून नेलं. रखवालदाराला काढून टाकलं, त्याची नोकरी कायम नव्हतीच. मला कर्जतच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळायला बसवलं. तिथे माझे हात स्वच्छ राहतात. बायकोला ते बरं वाटतं.

बहीण माझ्याशी बोलते. भात झोडून झालं की तांदूळ पाठवते, मुलांची चौकशी करते. मी तिच्या मुलीच्या शिक्षणाचं बघितलं, ती आता शिक्षिका आहे. लोक म्हणतात, भावानं बहिणीला सांभाळलं. ती ते ऐकते आणि हातातलं काम करत राहते. गेल्या वर्षी तिची मुलगी माझ्याकडे आली होती. तिनं विचारलं, की मामा, बाबांचा अपघात कसा झाला, आई काही सांगत नाही. मी म्हणालो, लाट आली.

ती म्हणाली, "वादळ होतं का?"

मी म्हणालो, नाही, त्या दिवशी वादळ नव्हतं.